शेजारपाजारी पसरलेलं घरचं वायफाय परत ताब्यात कसं घ्यावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. बेळगावच्या शहापुरात घर, खाली घरचे पाच जण, वरच्या दोन खोल्यांत कॉलेजची दोन मुलं भाड्यानं. फायबर घेऊन दोन वर्षं झाली. राउटरच्या ॲपमध्ये अठरा डिव्हाइस दिसतायत आणि त्यांतली निम्मी ओळखीची नाहीत. डेटा वीस तारखेच्या आसपासच संपतो. पासवर्ड म्हणजे जोडणी करून गेलेल्या मुलानं पहिल्या दिवशी टाकलेला तुमचाच मोबाईल नंबर. गल्लीतल्या कुणीतरी वायफायचं नाव लपवा आणि मॅक फिल्टर (ठरावीक डिव्हाइसनाच आत घेणारी यादी) लावा म्हणून सुचवलंय. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की पासवर्ड बदलायची तयारी आहे, पण वरच्या मुलांना आणि शेजारच्या वहिनींना एकदम तोडणं बरं दिसत नाही.

या शेवटच्या वाक्यातच खरी अडचण आहे. आपल्याकडे घरचं वायफाय बहुतेक वेळा कुणी फोडत नाही. ते आपणच देतो. गणपतीला चंदगड-गडहिंग्लजहून आलेले पाहुणे, अभ्यासाला येणारा भाच्याचा मित्र, एक दिवस नेट बंद पडलेली शेजारीण, सगळ्यांना एकच किल्ली मिळते आणि ती कुणाच्याच फोनमधून कधी पुसली जात नाही. वर ती पुढे देता येते. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनमध्ये जोडलेल्या वायफायचा क्यूआर कोड दोन बोटांत निघतो. त्या कोडमध्ये पासवर्ड साध्या अक्षरांत असतो आणि बऱ्याच फोनवर कोडच्या खालीही तो लिहून येतो. एकानं स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला की विषय संपला. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागणार नाही, सहा महिन्यांत तो परत एवढाच पसरेल. घरच्यांची किल्ली वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी, अशी सोय एकदा करावी लागेल. ती झाली की बाहेरची किल्ली हवी तेव्हा बदला, तुमचा टीव्ही आणि कॅमेरे जागचे हलणार नाहीत.

पण आधी खरंच कुणी आत आहे का ते बघा. अठरा हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण मोजून पाहा. पाच जणांचे पाच फोन, दोन लॅपटॉप, एक टीव्ही, एक सेटटॉप बॉक्स, एक प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारा डबा), वरच्या मुलांचे दोन फोन आणि दोन लॅपटॉप, वहिनींचा फोन. हे सोळा झाले. उरलेली दोन नावं जुन्या नोंदीही असू शकतात. राउटरमध्ये दोन वेगळ्या याद्या असतात. डीएचसीपीची यादी म्हणजे पत्ता कुणाकुणाला दिला त्याची वही. माणूस निघून गेला तरी पत्त्याची मुदत संपेपर्यंत, बहुधा चोवीस तास, त्याचं नाव तिथं राहतं. वायरलेस क्लायंट किंवा असोसिएटेड डिव्हाइस या नावाची यादी या क्षणी कोण जोडलेलं आहे ते सांगते. तुम्हाला दुसरी यादी बघायची आहे.

अनोळखी नावांचंही तसंच. अँड्रॉइड १० आणि आयफोनचं आयओएस १४ आल्यापासून फोन आपला खरा मॅक पत्ता (डिव्हाइसचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) न सांगता बनवलेला पत्ता सांगतात, त्यामुळे स्वतःच्या घरातला फोनही यादीत ओळखू येत नाही. खूण सोपी आहे. मॅक पत्त्यातलं डावीकडून दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो असा बनवलेला पत्ता आहे, बहुधा कुणाचा तरी मोबाईल. खात्री करायची सरळ रीत अशी: रात्री अकरानंतर घरातले सगळे फोन एअरप्लेन मोडवर टाका, टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि प्रिंटर प्लगमधून काढा, वरच्या मुलांनाही पाच मिनिटं बंद करायला सांगा आणि लॅपटॉप केबलनं राउटरला जोडून यादी बघा. हा लॅपटॉप, डीव्हीआर आणि वहिनींचा फोन सोडून जे अजूनही तिथं आहे ते बाहेरचं. त्या पानाचा तारीख-वेळेसह फोटो काढून ठेवा. घरगुती राउटरची नोंदवही बहुधा तात्पुरत्या मेमरीत असते. लाईट गेली किंवा डबा बंद-चालू केला की ती पुसली जाते.

डेटा संपण्याचं कारणही चोरच असेल असं धरून चालू नका. कॅमेरा क्लाउडवर सतत चित्रीकरण पाठवत असेल आणि त्याचा वेग सेकंदाला फक्त एक मेगाबिट असला, तरी दिवसाला जवळजवळ ११ जीबी होतात, महिन्याला सव्वातीनशे. टीव्हीवर फोर-के दर्जाचा सिनेमा तासाला सात जीबीपर्यंत खातो. राउटरमध्ये डिव्हाइसवार वापर दिसत असेल तर दोन दिवस तो बघा. नाहीतर सगळी कुलपं बदलाल आणि डेटा पुन्हा वीस तारखेलाच संपेल.

आता राउटर उघडूया. इथून पुढचं थोडं तुमच्या डब्यावर अवलंबून आहे. डबा कंपनीनं दिलेला असेल, म्हणजे फायबर थेट त्यातच येत असेल, तर काही पानं तुम्हाला दिसणार नाहीत आणि त्याचं सॉफ्टवेअर कंपनीच लांबून अद्ययावत करते. स्वतः विकत घेतलेल्या राउटरमध्ये सगळं तुमच्या हातात असतं, म्हणजे अपडेटची जबाबदारीही तुमचीच. दोन्हीकडे आत जायचा रस्ता एकच. फोनमधल्या वायफायच्या तपशिलात गेटवे म्हणून जो आकडा दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तो ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाकायचा. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड डब्याच्या तळाच्या स्टिकरवर असतो.

एक गोष्ट चुकूनही करू नका. डब्याच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट दाबू नका. दहा सेकंद दाबून धरलं की वायफायच्या नावाबरोबर कंपनीच्या जोडणीचं युजरनेम आणि पासवर्डही पुसला जाऊ शकतो. मग लाल दिवा नसतानाही नेट येत नाही, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत घर बंद. तसंच कंपनीच्या जोडणीची, म्हणजे वॅन, पीपीपीओई, व्हीलॅन असं लिहिलेल्या पानांचे फक्त फोटो काढा, तिथलं काही बदलू नका.

पहिला बदल करायचा तो राउटरच्या स्वतःच्या लॉगिनचा, वायफायच्या पासवर्डचा नंतर. कारण जो आधीच वायफायमध्ये आहे आणि ज्याला ॲडमिन-ॲडमिन हे कारखान्यातलं लॉगिन ठाऊक आहे, तो तुम्ही टाकलेला नवा वायफाय पासवर्ड त्याच पानावर वाचू शकतो. हे लॉगिन बदललं की लगेच तीन ठिकाणी नजर टाका. डीएनएसच्या (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सोयीच्या) रकान्यात ‘ऑटोमॅटिक’ असावं, किंवा तुम्ही स्वतः टाकलेला पत्ता. ओळखीचा नसलेला आकडा तिथं दिसला तर कुणीतरी आत येऊन तुमचे बँकेसकट सगळे पत्ते आपल्या मार्गानं वळवू पाहतंय असं समजा, फोटो काढा आणि ऑटोमॅटिक करा. दुसरं, रिमोट मॅनेजमेंट किंवा वॅन साईडनं लॉगिन बंद असावं. राउटरचं पान इंटरनेटवरून उघडायची घरात कुणालाच गरज नसते. तिसरं यूपीएनपी: मुलं ऑनलाइन गेम खेळत नसतील तर बंद करा. ते चालू असलं की आतला कुठलाही स्वस्त कॅमेरा तुम्हाला न विचारता राउटरकडून बाहेरच्या जगाला दार उघडून घेऊ शकतो.

मग डब्ल्यूपीएस. राउटरवरच्या बटणानं किंवा आठ आकडी पिननं पासवर्डशिवाय जोडायची ही सोय आहे. ती पूर्ण बंद करा, कारण आकड्यांत बघा. आठ आकडी पिन म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात. पण आठवा आकडा आधीच्या सातांवरून काढलेला असतो, आणि राउटर पहिले चार आकडे बरोबर आहेत की नाही ते वेगळं सांगून टाकतो. म्हणजे चारांचे १०,००० आणि उरलेल्या तीनांचे १,०००, मिळून फक्त ११,००० प्रयत्न. ही खोट २०११ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाली. नव्या राउटरमध्ये चुकीच्या पिननंतर थांबा असतो, पण जुन्यात नसतो, आणि पासवर्ड कितीही कडक असला तरी हे दार उघडं राहिलं की तो वाया जातो.

सुरक्षेचा प्रकार निवडताना डब्ल्यूईपी आणि टीकेआयपी ही नावं जिथं दिसतील तिथून बाहेर या. डब्ल्यूईपी तर २००१ पासूनच मोडीत निघालेलं आहे. ‘डब्ल्यूपीए२ एईएस’ ही किमान पायरी. राउटरमध्ये डब्ल्यूपीए३ असेल तर आधी ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र’ ठेवा. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं तर चार-पाच वर्षांपूर्वीचा प्रिंटर, स्मार्ट बल्ब आणि बरेच टीव्ही जोडलेच जात नाहीत आणि लोकांना वाटतं पासवर्डच चुकला.

आता पासवर्ड. मोबाईल नंबर का नको, हे ‘सोपा आहे’ एवढ्यावर सोडण्यासारखं नाही. डब्ल्यूपीए२ मध्ये फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार संदेश जातात. ते हवेतून पकडायला पलीकडच्या गच्चीवर लॅपटॉप पुरतो. त्यात पासवर्ड नसतो, पण एखादा पासवर्ड बरोबर आहे का हे तपासण्याइतका ऐवज असतो. मग तो माणूस घरी जातो आणि तुमच्या राउटरला हातही न लावता एकेक पासवर्ड लावून बघतो. राउटरला कळायचा प्रश्नच नाही. आजचं ताकदवान गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा ते वीस लाख पासवर्ड तपासू शकतं. भारतातले मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतात, म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. दहा लाखांच्या वेगानं सगळे नंबर संपायला सव्वा तासही लागत नाही. तुमचा नंबर तर गल्लीत सगळ्यांकडे आहेच, त्यांना तेवढाही वेळ नको.

गाडीचा नंबर त्याहून वाईट. बेळगावच्या गाड्या केए २२ नं सुरू होतात, हे कुणाला शोधावं लागत नाही. उरली दोन अक्षरं आणि चार आकडे, म्हणजे सुमारे ६८ लाख शक्यता. सात सेकंद. देवाचं नाव आणि पुढे १२३, आडनाव आणि जन्मसाल, गल्लीचं नाव आणि घर नंबर, हे सगळं पासवर्ड फोडणाऱ्यांच्या याद्यांत पहिल्याच पानावर असतं. ‘ए’च्या जागी ‘@’ टाकलं तरी फरक पडत नाही. ही अदलाबदल त्या यंत्रांना आधीपासून शिकवलेली असते.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. ही लांबी वापरा. एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच शब्द घ्या, रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये आडवी रेघ. सीमाभागात राहण्याचा इथं फायदा आहे: निम्मे मराठी, निम्मे कन्नड शब्द सहज सुचतात. कंदील, बेल्ल, सायकल, येत्तू, फणस, असं काहीतरी (हेच टाकू नका, आता ते लिहून झालंय). शब्द मनानं निवडू नका, कारण मन देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंतच फिरतं. वर्तमानपत्र उघडा, डोळे मिटून बोट ठेवा, जो शब्द येईल तो घ्या, पाच वेळा. पाचच का? साधारण दोन हजार शब्दांतून चार निवडले तर १६ लाख कोटी जोड्या होतात. सेकंदाला वीस लाखांच्या वेगानं त्या सगळ्या तपासायला तीन महिने लागतात. चिकाटीच्या माणसाला तेवढे परवडतात. पाचवा शब्द घातला की तोच हिशोब पाचशे वर्षांवर जातो. आणि टीव्हीच्या रिमोटनं एकेक अक्षर दाबताना लहान अक्षरांचे शब्द किती बरे पडतात ते तुमच्या लक्षात येईलच. ‘येत्तू’चं रोमन स्पेलिंग प्रत्येक जण वेगळं करील, म्हणून एकदा ठरवून कागदावर लिहा आणि तो कागद कपाटात ठेवा. राउटरवर चिकटवू नका.

वायफायचं नावही बदला. त्यात आडनाव, मजला, घर नंबर काही नको. पासवर्डची गुप्त किल्ली बनवताना हे नावही त्यात मिसळलं जातं, म्हणून कारखान्यातून आलेलं साधं नाव तसंच ठेवलं तर त्या नावासाठी आधीच करून ठेवलेले किल्ल्यांचे तक्ते तुमच्यावर चालू शकतात. शिवाय जुन्या नावाला चिकटलेले सगळे फोन आपोआप सुटतात.

इथं दोन चुका नेहमी होतात. बहुतेक डब्यांत २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन वायफाय असतात आणि दोघांचे पासवर्ड वेगळ्या पानांवर. लोक एक बदलतात आणि दुसऱ्यावर जुना मोबाईल नंबर तसाच राहतो. कंपनीच्या डब्यांत एसएसआयडी१ पासून एसएसआयडी८ पर्यंत (एसएसआयडी म्हणजे वायफायचं नाव) जागा असू शकतात, पहिल्या चार २.४ च्या आणि पुढच्या ५ च्या. प्रत्येक उघडून बघा. जोडणीच्या दिवशी चाचणीसाठी चालू केलेलं एखादं वायफाय तसंच राहिलेलं असतं. दुसरी चूक एक्स्टेंडरची. जिन्यात जुना रिपीटर लावला असेल तर त्याचं स्वतःचं नाव आणि पासवर्ड असतो, तोही बदला. आणि हे सगळं केबल लावून करा. केबल नसेल तर २.४ वर जोडलेलं राहून आधी ५ चं बदला, मग ५ वर येऊन २.४ चं. नाहीतर सेव्ह दाबल्यावर तुम्हीच बाहेर फेकले जाता आणि नेमकं काय टाईप केलं ते आठवत नाही.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे, वरची मुलं आणि वहिनी. राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असेल तर काम सोपं आहे. ते चालू करा, वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, ‘गेस्टना घरच्या नेटवर्कमध्ये प्रवेश’ हा पर्याय बंद, आणि वेगाची मर्यादा लावता येत असेल तर लावा. शंभर मेगाबिटच्या जोडणीवर बाहेरच्यांना मिळून तीस दिले तरी त्यांचा अभ्यास आणि व्हिडिओ कॉल व्यवस्थित चालतो. कंपनीच्या डब्यात गेस्ट असं लिहिलेलं नसलं तरी एसएसआयडी२ चालू करून ‘आयसोलेशन’ लावता येतं. पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. काही डब्यांत आयसोलेशन म्हणजे फक्त त्या वायफायवरचे फोन एकमेकांना दिसत नाहीत, तुमचा डीव्हीआर मात्र दिसतोच. तपासायला एक फोन त्या वायफायवर जोडा आणि ब्राउझरमध्ये डीव्हीआरचा पत्ता, मग राउटरचा पत्ता टाकून बघा. कॅमेऱ्याचं लॉगिन उघडलं तर ही भिंत कागदाची आहे. घराच्या दारावरचा कॅमेरा भाडेकरूच्या पाहुण्याला दिसणं ही वायफाय फुकट वापरण्यापेक्षा फार मोठी गोष्ट आहे.

तसं झालं तर दुसरा साधा राउटर घ्या. हजार-दीड हजारापासून मिळतात. मात्र तो कुठं लावायचा यात बरेच जण फसतात. सहज सुचतं ते असं, की नवा राउटर वर मुलांना द्यावा आणि खाली आपण कंपनीच्या डब्यावर राहावं. हे उलटं आहे. मागे लावलेल्या राउटरमधून पुढच्या राउटरचं सगळं जाळं दिसतं, कारण इंटरनेटकडे जायचा रस्ता तिथूनच जातो. पुढच्याला मात्र मागचं दिसत नाही. वाड्याची ओसरी आणि माजघर जसं असतं तसं समजा: माजघरातल्याला ओसरीवरून जावंच लागतं, ओसरीवरच्याला माजघरात काय चाललंय ते कळत नाही. म्हणून भाडेकरू आणि पाहुणे ओसरीवर, म्हणजे कंपनीच्या डब्याच्या वायफायवर, आणि घर माजघरात, म्हणजे नव्या राउटरवर. कंपनीच्या डब्याच्या लॅन पोर्टमधून एक कॅट-६ केबल नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बहुधा वेगळ्या रंगाचा असतो) लावा. केबल चुकून त्याच्या लॅन पोर्टमध्ये गेली तर दोन्ही राउटर पत्ते वाटायला लागतात आणि अधूनमधून कुणालाच नेट मिळत नाही. दोन्हींचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तरीही गोंधळ होतो. आतल्याचा बदलून १९२.१६८.५०.१ करा. टीव्ही, प्रिंटर, डीव्हीआर, सगळं आतल्या राउटरवर. अशा दुहेरी मांडणीत रोजचं सगळं चालतं, फक्त काही गेम कुरकुर करतात आणि डीव्हीआर बाहेरून बघण्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून ठेवला असेल तर तो बंद पडतो. तो पोर्ट तसाही नको, डीव्हीआरचं ॲप त्याशिवाय चालतं.

गल्लीतून आलेले दोन सल्ले राहिले. नाव लपवल्यानं काही साधत नाही. लपवलेलं नाव एखादा फोन जोडला जाताना हवेत उघडपणे जातंच, आणि तुमचे फोन मात्र बाहेर, बसस्टँडवर, खडेबाजारात, ते नाव हाका मारत शोधत फिरतात. मॅक फिल्टर दोन्ही बाजूंनी कमी पडतं. मॅक पत्ता हवेत उघडा जातो, तो वाचून आपल्या लॅपटॉपला तसाच लावायला मिनिट लागत नाही. आणि बनवलेल्या पत्त्यांमुळे घरचाच फोन एखाद्या दिवशी नवा पत्ता घेऊन दारात उभा राहतो आणि त्याला आत घेतलं जात नाही. राउटरच्या ॲपमधलं ‘ब्लॉक’ बटण याच जातीचं. एखाद्याला तात्पुरतं थांबवायला ठीक, कुलूप म्हणून नाही.

त्यापेक्षा राउटरची जागा बघा. गल्लीकडच्या खिडकीत ठेवलेला डबा निम्मा सिग्नल रस्त्याला देतो. घराच्या मधोमध, उंचावर ठेवा आणि ट्रान्समिट पॉवरचा पर्याय असेल तर मध्यम करा. शहापूर-वडगावकडं दोन घरांत एकच भिंत असते, तिथं सिग्नल अडवता येणार नाही, पण ५ गिगाहर्ट्झ भिंतीत लवकर मरतो, म्हणून घरातले फोन आणि टीव्ही शक्यतो त्यावरच ठेवा.

भाडेकरूंबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. जोडणी तुमच्या नावावर आहे. त्यावरून कुणी फसवणूक केली किंवा काही भलतंच पाठवलं तर पोलीस आधी तुमच्या दारात येतात, कारण कंपनीच्या नोंदीत तुमचंच नाव आणि पत्ता असतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जाळ्यात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तुम्हीच परवानगी दिली असेल तर तुमची बाजू तुम्हालाच समजावून सांगावी लागते. म्हणून भाड्यात नेट धरलेलं नसेल तर मुलांना सरळ वेगळी जोडणी घ्यायला सांगणं सगळ्यांत स्वच्छ. धरलेलं असेल तर गेस्टवर ठेवा आणि खोली सोडतील त्या दिवशी गेस्टचा पासवर्ड बदला. जोडणी दुसऱ्याला देण्याबद्दल कंपनीच्या अटी काय आहेत तेही एकदा वाचा. आर्थिक फसवणुकीचा संशय आला तर १९३० वर लगेच फोन करा आणि राउटर बंद करायच्या आधी ती यादी आणि नोंदी फोटोत घ्या.

वहिनींना काय सांगायचं, हे विचारलंत. खरं तेच सांगा: जुना पासवर्ड फार ठिकाणी गेला होता म्हणून बदलला, तुमच्यासाठी हा वेगळा आहे. गेस्टचं नाव-पासवर्ड द्या आणि जमलं तर त्यांच्या फोनमध्ये तुम्हीच टाकून द्या. कुणी दुखावत नाही. हां, पासवर्ड वाटून घेणारी जी ‘फुकट वायफाय’ ॲप असतात ती त्यांच्या किंवा मुलांच्या फोनमध्ये असतील तर काढायला सांगा. त्यांतली काही फोनमध्ये साठवलेले पासवर्ड परक्या यादीत चढवतात, म्हणजे नवा पासवर्डही तासाभरात बाहेर.

हे सगळं रविवारी सकाळी करायला घ्या, परीक्षेच्या आदल्या रात्री नको. बदल झाल्यावर काही फोन ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणत अडून बसतात. जुनं वायफाय ‘फर्गेट’ करून नव्यानं जोडा. प्रिंटर आणि स्मार्ट प्लग बहुधा फक्त २.४ वरच जोडले जातात, त्यांच्यासाठी फोनही तेवढ्यापुरता २.४ वर आणा. कॅमेऱ्याचं चित्र ॲपमध्ये परत दिसतंय का ते त्याच दिवशी बघा, नाहीतर डीव्हीआर बंद आहे हे चोरी झाल्यावर कळतं. पंधरा दिवसांनी रात्रीची ती एअरप्लेन मोडची तपासणी पुन्हा करा. माजघराच्या यादीत तेव्हा फक्त केबलनं जोडलेला लॅपटॉप आणि चालू ठेवलेला डीव्हीआर दिसायला हवा. तिसरं काही दिसलं तर इथंच डब्याचं मॉडेल आणि त्या यादीतल्या पत्त्यांतल्या अक्षरांच्या फक्त पहिल्या तीन जोड्या लिहा, पूर्ण पत्ता नको. खरा पत्ता असेल तर तेवढ्यावरून तो कुठल्या कंपनीचा डिव्हाइस आहे ते काढता येतं.